कुंपणापलीकडचा करपा

जुलैत सतरा दिवस पाऊस. अठराव्या दिवशी
ऊन पडलं चार वाजता आणि साडेचारला मिटलं,
चुकून भलत्याच घराचं दार उघडावं तसं.

व्हेन्ता नदीच्या काठाला आमच्या बागा:
प्रत्येकी सहा गुंठे, एक खोपटं, पाण्याचं एक पिंप.
मी उठते ती चहाच्या आधी पानं उलटायला.
पान खरं बोलतं ते खालच्या बाजूनं.
वरून सगळं आबादीआबाद, आणि खाली
शिळ्या पावावर धरते तशी पांढरी लव.

टोमॅटोची खालची पानं जूनमध्येच खुडली.
आता उभे आहेत गुडघ्यापर्यंत उघडे,
विजारी दुमडून ओढ्यात उतरलेल्या पोरांसारखे.
वर प्लास्टिकचं छप्पर, बाजू मोकळ्या.
वाऱ्याइतकं स्वस्त औषध नाही,
आणि वाऱ्याइतका फितूरही कुणी नाही,
पण ते पुढे सांगते.

शनिवारी ताकाची निवळी, आयोडीनचे दहा थेंब.
कोबीभोवती राख. पाऊस धुतो. परत राख.
रात्री टॉर्च घेऊन बिनशंखाच्या गोगलगायी वेचायच्या,
मिठाच्या डब्यात. पहिल्या वर्षी मोजायचे.
बहीण बिरूता म्हणते, दुकानात टोमॅटो
दोन युरोला किलो मिळतात, स्कायद्रीते.
मी म्हणते, मिळतात.

इल्गवार्सची बाग माझ्या बागेला लागून.
तो जूनपासून लिएपायाच्या इस्पितळात, खुब्याचं हाड मोडून.
मागे त्याचे बटाटे, आठ ओळी, देवाच्या भरवशावर.
सोमवारी आधी वास आला, मग दिसलं:
कडेकडेनं तपकिरी, तेल सांडल्यासारखे डाग.
वारा त्याच्याकडून माझ्याकडे.
करप्याला कुंपण कसलं!

अकरा वर्षं आम्ही धड बोललो नव्हतो.
त्याच्या पेअरची एक फांदी माझ्या काकड्यांवर सावली धरते.
काप म्हटलं, तर म्हणाला, माझं झाड, माझी करवत.
त्या माणसाचे बटाटे मी कोणत्या तोंडानं कापू?
रात्रभर छपरावर थेंब मोजत पडले.
सकाळी त्याच्या मुलीकडून नंबर घेतला.

"काप," तो म्हणाला. एवढंच.
मग जरा थांबून, "सगळे. जमिनीलगत.
पण खणू नकोस. पंधरा दिवस मातीतच राहू दे,
साल पक्की होऊ दे. तुला घाई असते."
मला घाई असते! मी फोन ठेवला.

दिवसभर विळा. ओल्या वेली, काळं पडलेलं पाणी कोपरापर्यंत.
ढीग कोपऱ्यात, वर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा.
विळा मोरचुदाच्या पाण्यात बुडवला, हात साबणानं दोनदा,
तरी माझ्या टोमॅटोजवळ गेले नाही त्या दिवशी.
शिवेवर उभी राहून लांबूनच पाहिलं.

सात वाजता फोन वाजला. तोच.
"नवं बियाणं होतं," म्हणाला, "त्सेसिसच्या बाजारातून आणलेलं.
फुलं कोणत्या रंगाची आली?"

अख्खा महिना मी त्या कुंपणावरून वाकून
पानांची उलटी बाजू न्याहाळली होती.
फूल?
पांढरं म्हणाले असते तर त्याला काय कळणार होतं.

"थांब," म्हटलं. फोन कोटाच्या खिशात, सुरूच.
पाऊस होताच. विटा काढल्या. ताडपत्री उचलली.
आतून उबदार, कुजका वास नाकात शिरला.
टॉर्च तोंडात धरून वेली उपसत राहिले,
सगळं चिखलाच्या रंगाचं, सगळं,
आणि खिशातून त्याचा बारीक आवाज:
"स्कायद्रीते? आहेस का?"

चौथ्या ओळीतलं असावं ते. एक तुरा,
खाली दबून कोरडा राहिलेला.
जांभळा. टोकांना पांढरा.
मी खिशातला फोन काढला,
ओठांवरून ती माती पुसली.